भोक पाडलेली भाकरी

लेकीकडे स्वीडनला, उप्सालाला सहा महिने राहून आले. तेव्हापासून आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशात जो भेटतो तो विचारतो, "तिकडं ते लोक खातात तरी काय?" एकेकाला सांगण्यापेक्षा इथंच लिहिते.

त्यांच्यात भाकरी नसणार, असं मी धरूनच गेले होते. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी, त्या माझ्याच वयाच्या, माझ्या हातात एक भाकरी दिली. ताटाएवढी, पापडासारखी कडक, मधोमध भोक. क्नेकेब्रोड म्हणतात तिला. राय नावाच्या धान्याच्या पिठाची. बोट फिरवलं तर अंगभर बारीक खळगे. खुंट्या असलेल्या लाटण्यानं ते पाडतात. लोणी खळग्यांच्या बाजूला लावायचं की सपाट बाजूला, यावर घराघरात वाद चालतो.

भोकाचं कारण ऐकून मी खुर्ची ओढून बसलेच. पूर्वी गिरण्या ओढ्याच्या पाण्यावर चालायच्या. त्यामुळं दळण वर्षातून दोनदाच: सुगी झाल्यावर, आणि वसंतात बर्फ वितळून ओढे भरले की. तेव्हाच पुढच्या कैक महिन्यांच्या भाकरी एकदम भाजून घ्यायच्या, भोकातून काठी ओवायची आणि आढ्याजवळ टांगून ठेवायच्या. मला आमच्या सासूबाई आठवल्या. चुलीच्या धगीला उभ्या करून वाळवलेल्या ज्वारीच्या पातळ कडक भाकरी, कुणी गावाला निघालं की त्याच्या पिशवीत शेंगाच्या चटणीसोबत आधी त्याच जायच्या. टिकेल ते अन्न आधी करून ठेवायचं, ही अक्कल दोन्हीकडच्या बायकांना कुणी शिकवली नव्हती.

दुसरं त्यांचं 'फीका'. म्हणजे हातातलं काम बाजूला ठेवून चार माणसांनी बसून कॉफी प्यायची, सोबत काहीतरी गोड. हा शब्द कॉफीच्या त्यांच्याकडच्या जुन्या शब्दाची अक्षरं उलटी करून झालाय. आपली जुनी माणसं 'काफी' म्हणतात ना, ते उलटं म्हणून बघा! 1756 साली तिथं कॉफीवर बंदी आली, पुढंही ती कैकदा घातली नि उठवली; लोकांनी कॉफी काही सोडली नाही. सोबतच्या दालचिनीच्या गोड पावासाठी तर 4 ऑक्टोबर हा दिवसच राखून ठेवलाय. पिठात वेलदोडा असतो. भट्टीतून पाव निघाला की घरात आपल्या पुरणासारखा वास.

जूनमध्ये 19 ते 25 तारखेच्या दरम्यान जो शुक्रवार येतो, त्या दिवशी त्यांचा मिडसमर. पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभा करून त्याच्याभोवती फेर धरतात. गवतावर पंगत. नवे बटाटे उकडून त्यावर चक्क शेपू! व्हिनेगरात मुरवलेला मासा मी खाल्ला नाही, पण शेपू-बटाटा दोनदा मागून घेतला. रात्रीचे दहा वाजले तरी उजेड होता. आणि डिसेंबरात तिथं पावणेतीनलाच दिवस मावळतो. त्या अंधारात 13 तारखेला लुसिया: डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी पुढं, मागं पांढऱ्या झग्यातली पोरं गात येतात. माझी नातही त्यात होती. मला रडू आवरलं नाही.

जेवण झालं की तिथली पोरं ज्यानं रांधलं त्याला "तक फर मातेन" म्हणतात, म्हणजे जेवणाबद्दल आभार. माझं साधं पिठलं खाऊन नात तसं म्हणाली, तेव्हा मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. चाळीस वर्षं रांधतेय मी.

परतले तर येळवस, म्हणजे आमची शेतात जाऊन जेवायची वेळ अमावास्या, तोंडावर. त्या भोकाच्या भाकरीचा एक पुडा आणला होता, तो शेतात नेला. थोरल्या जाऊबाईंनी एक भाकरी उलटसुलट करून बघितली, भोकात सुतळी ओवली आणि कडब्याच्या कोपीला टांगली. बाकीच्या आम्ही भज्जीत, म्हणजे भाज्या-डाळींच्या कालवणात, कुस्करून खाल्ल्या, वर आंबील प्यालो. रस्त्यानं जाणाऱ्या दोघांना हाक मारून बसवलं, त्यांनाही वाढल्या. जेवण झाल्यावर मी जाऊबाईंना म्हणाले, "तक फर मातेन."

"काय म्हणालीस गं?"

मी सांगितलं. त्यांनी पदरानं हात पुसले आणि मला अजून एक बाजरीचा उंडा वाढला.