खोका क्रमांक ४: रमाबाई

इतिहासातल्या एकाच नावाच्या माणसांची कार्डं करून मी एका नावाला एक खोका लावते. त्यातले 'चिमाजी' दोन रविवारांत उरकले, कारण निघाले दोघेच. पहिले आमच्या ठाण्याला जवळचे: साष्टीतून पोर्तुगीजांना हटवून १७३९ मध्ये वसई घेणारे. दुसऱ्यांना १७९६ मध्ये जेमतेम काही महिने पेशवाईच्या गादीवर बसवलं होतं. गंमत म्हणजे दोघंही बाजीरावांचे धाकटे भाऊ, एक पहिल्या आणि एक दुसऱ्या. बाकी दोघांत साम्य शून्य.

त्या जोरावर 'रमाबाई' घेतल्या आणि अडकले. अजून पुरत्या सुटलेले नाही.

पद्धत तीच. चपलांचा रिकामा खोका, पोस्टकार्डाच्या मापाची कार्डं, एका माणसाला एक कार्ड. पहिलं कार्ड अर्थातच थेऊरच्या रमाबाईंचं. 'माधवराव पेशव्यांची पत्नी, १७७२ मध्ये सती' असं लिहून मोकळी झाले. पुढच्या शनिवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात दुसरंच काहीतरी चाळताना नोंद मिळाली: 'माधवराव पेशव्यांचं रमाबाईंशी लग्न, १७८३.' तीही त्याच कार्डावर टिपून घेतली. घरी येऊन वाचलं, तर बाई सती गेल्यावर अकरा वर्षांनी बोहल्यावर उभी! आधी वाटलं, आकडा उतरवताना मीच चुकले. तपासायला परत गेले, आकडा बरोबर होता. मग डोक्यात प्रकाश पडला की माधवरावच दोन. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव, आणि दोघांच्याही बायका रमाबाई. सवाई माधवरावांच्या रमाबाई थत्त्यांकडच्या. तुमच्या कार्डांवरही नुसतं 'माधवरावांची पत्नी' असेल तर आजच दुरुस्त करा.

हे जेवताना सांगितलं, तर सासूबाईंना काही नवल वाटलं नाही. "अगं, माधव म्हटल्यावर रमाच येणार. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव काढायचे, ते नवऱ्याच्या नावाला शोभेल असंच. माझंही तसंच काढलेलं." लग्नाला अठरा वर्षं झाली, पण त्यांचं माहेरचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि 'तुझ्या त्या खोक्यात घालू नकोस' असंही बजावलं.

त्यानंतर सगळी कार्डं नव्याने केली, 'जन्मनाव' असा रकाना घालून. पहिलाच फटका रमाबाई रानड्यांच्या कार्डाला बसला. त्या १८६२ मध्ये देवराष्ट्र्यात जन्मल्या, यमुना कुर्लेकर म्हणून. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन रमा झाल्या. न्यायमूर्ती रानडे कागदोपत्री महादेव गोविंद, पण लोक त्यांना माधवराव म्हणत. म्हणजे रमा-माधवाची ही तिसरी जोडी! नाव त्याच हिशेबाने ठेवलं असणार हा माझा तर्क, पुरावा नाही. म्हणून कार्डावर पेन्सिलीने लिहिलंय.

पंडिता रमाबाईंचा रकाना मात्र सरळ भरला. माहेरच्या रमा डोंगरे त्या शेवटपर्यंत रमाच राहिल्या. १८७८ मध्ये कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, पण त्या नावाच्या मागेपुढे लागल्या, नावाच्या जागी नाही. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, दोन वर्षांत ते गेले. आपण त्यांना मेधावी म्हणत नाही, पण शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांच्यावरून जे नाव दिलंय ते 'मेधावी'. नकाशात मी बराच वेळ 'रमाबाई' शोधत बसले होते.

खरी डोकेदुखी १८८२ सालच्या पुण्याची. पंडिता रमाबाईंनी तिथे आर्य महिला समाज काढला आणि रमाबाई रानडे त्यात येऊ लागल्या. त्या काळाबद्दल वाचताना नुसतं 'रमाबाई' आलं की थांबावं लागतं. माझा तोडगा असा: नवऱ्याचा किंवा घरातल्या मंडळींच्या रोषाचा उल्लेख असेल तर रानडे, प्रवासाचा असेल तर पंडिता. दहातल्या आठ वेळा जमतं. उरलेल्या दोन नोंदी वेगळ्या लिफाफ्यात.

रमाबाई आंबेडकरांच्या बाबतीत घोळ नाही. दापोलीजवळच्या वणंदच्या, भायखळ्याच्या बाजारात लग्न झालेल्या, २७ मे १९३५ ला गेलेल्या. माहेरी 'रामी', बाबासाहेबांसाठी 'रामू'. पाकिस्तानवरच्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्यांनी हेच घरातलं नाव छापलंय. माझ्या खोक्यात हाकेचं नाव असलेलं हे एकच कार्ड, म्हणून सगळ्यात पुढे ठेवलंय. वर्षांच्या क्रमात बसत नाही, चालेल.

आता 'आनंदी' काढल्यात. राघोबादादांच्या आनंदीबाई आहेतच. पण अण्णासाहेब कर्व्यांच्या आनंदीबाई मूळच्या गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. शारदा सदन उघडलं ११ मार्च १८८९ ला. त्याआधी बरोबर तीन वर्षं, ११ मार्च १८८६ ला, फिलाडेल्फियात आनंदीबाई जोश्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली, आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. दोन खोके एकमेकांत असे घुसतील हे ठाऊक असतं तर मोठा खोका घेतला असता.

आनंदीबाई जोशी म्हणजे आमच्या शेजारच्या कल्याणच्या. त्यांचा 'जन्मनाव' रकाना भरायला घेतला आणि हात थांबला. यमुना. रानड्यांच्या रमाबाईंसारखीच.

म्हणजे मी न ठरवता 'यमुना' नावाचा खोका सुरू झालाय, आणि त्यात दोन कार्डं आहेतसुद्धा. त्यांना निळा रंग द्यायचं ठरलंय. स्टेशनरोडच्या दुकानात निळी कार्डं संपली होती, म्हणून सध्या पांढऱ्यावरच निळ्या स्केचपेनने कड काढून दोघींना बसवलंय.