डब्यावरचं नाव शेवटी वाचा: प्रीअँपमधला ट्रान्सफॉर्मर मूळचा की बदललेला?

ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून ऐरोली-घणसोलीपर्यंत घरगुती स्टुडिओ वाढले, तसे जुन्या धाटणीचे माइक प्रीअँपही, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारी यंत्रं, या हातातून त्या हातात फिरू लागले. विकणारा झाकण उघडून फोटो पाठवतो, ट्रान्सफॉर्मरवर ‘मॅरिनेअर’ किंवा ‘कार्नहिल’ असं बनवणाऱ्याचं नाव दिसतं आणि तेवढ्यावर भाव ठरतो. पण लेबल हा सगळ्यात कच्चा पुरावा. आधी ट्रान्सफॉर्मरची जागा, मग सोल्डर, मग मोजमाप आणि सगळ्यात शेवटी नाव, या क्रमाने बघा.

आधी यंत्रात मुळात काय असायला हवं ते माहीत पाहिजे. १९७०च्या नीव्ह १०७३ या ब्रिटिश प्रीअँप मॉड्यूलमध्ये तीन ट्रान्सफॉर्मर असतात: माइक इनपुटला १०४६८, लाइन इनपुटला ३१२६७ आणि आउटपुटला एलओ११६६. ते मॅरिनेअरने बनवले, सेंट आइव्ज विंडिंग्जनेही बनवले. म्हणून खऱ्या जुन्या मॉड्यूलवर मॅरिनेअरचं नाव नसलं तर तो बनावट, असं होत नाही. उलटंही तितकंच खरं. एएमएस नीव्ह आजच्या १०७३मध्येही मॅरिनेअर याच नावाचे ट्रान्सफॉर्मर वापरते, त्यामुळे नुसत्या नावावरून साल कळत नाही. एपीआय या अमेरिकन कंपनीच्या घराण्यात इनपुटला २६२२ आणि आउटपुटला २५०३ ही जोडी. अमेरिकन डिझाइनच्या बऱ्याच प्रीअँपमध्ये जेन्सनचा जेटी-११५के-ई सापडतो, त्याचं वेढ्यांचं गुणोत्तर १:१०.

१०७३च्या नव्या प्रतिकृतींमध्ये वॉर्म ऑडिओच्या डब्ल्यूए७३ला कारखान्यातूनच कार्नहिल येतात. गोल्डन एजच्या साध्या प्री-७३मध्ये ते नसतात, प्रीमियरमध्ये असतात. म्हणजे साध्या प्री-७३मध्ये कार्नहिल दिसला तर तो नंतर कुणीतरी बसवलाय. ते वाईट नाही, बरेचदा फायद्याचंच असतं. फक्त त्याला ‘फॅक्टरी ओरिजिनल’ म्हणू नये.

आता झाकण उघडा. पॉवर काढून घ्या, मोठे कपॅसिटर रिकामे होऊ द्या. पीसीबी उलटी करून ट्रान्सफॉर्मरच्या पिनांचं सोल्डर शेजारच्या रेझिस्टरच्या सोल्डरशी ताडून पाहा. जुनं शिशाचं सोल्डर आणि नंतर दिलेला डाग यांची चमक, आकार आणि आजूबाजूची राळ सहसा वेगळी दिसते. ट्रेस किंचित उचललेला, पॅडभोवती बोर्ड पिवळट झालेला, एकाच वायरची कातडी वितळलेली, यातलं काहीही दिसलं तर सोल्डरिंग आयर्न तिथे पुन्हा टेकलेलं आहे. स्क्रूही बोलतात. त्या काळच्या ब्रिटिश उपकरणांत बीए (जुनं ब्रिटिश माप) आट्यांचे स्क्रू बरेचदा असत. बाकी सगळे बीए आणि ट्रान्सफॉर्मरचे तेवढे मेट्रिक, तर उत्तर मिळालं. चॅसिसला जास्तीचं भोक पाडलंय का, तेही पाहा.

खाडीकाठच्या हवेचा इथे उपयोग होतो. पावसाळ्यात ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या यंत्रात उघड्या लॅमिनेशनच्या, म्हणजे गाभ्याच्या पट्ट्यांच्या, कडांना गंज येतो, स्क्रूंची डोकी काळवंडतात, तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो. चॅसिस असं म्हातारं आणि ट्रान्सफॉर्मर मात्र कोरा करकरीत, तर तो मागाहून आलाय.

मोजमापात लोक सर्रास चुकतात. मल्टिमीटर ओहमवर लावून माइक ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग, म्हणजे तारेचे वेढे, मोजू नका. मीटर त्यातून डीसी सोडतो आणि निकेलचा गाभा थोड्या डीसीनेही चुंबकित होऊन बसतो. डब्याचं म्यू-मेटल (बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू) ओळखायला लोहचुंबक लावणं तर त्याहून वाईट, आणि साधं लोखंडही चुंबकाला चिकटतंच.

त्याऐवजी एसीने गुणोत्तर काढा. यंत्र बंद, माइकला वीज पुरवणारा ४८ व्होल्ट फँटम बंद. ऑडिओ इंटरफेसच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून ३०० हर्ट्झचा साइन टोन १५० ओहमच्या रेझिस्टरमधून एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनी सॉकेटच्या) पिन २ आणि ३ला द्या. १ किलोहर्ट्झ नको, कारण स्वस्त मल्टिमीटरचं एसी माप बरेचदा ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचं असतं. मीटर मात्र मिलिव्होल्ट एसी वाचणारा हवा. पिन २-३वर प्रत्यक्ष १० ते २० मिलिव्होल्ट येऊ द्या, जनरेटरच्या आकड्यावर विसंबू नका. मग सेकंडरीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर पडणाऱ्या बाजूच्या वाइंडिंगवर, मोजा. पातळी एवढी कमी ठेवायची कारण १:१०मध्ये २० मिलिव्होल्टचे २०० होतात, आणि सेकंडरीवर अर्ध्या व्होल्टाच्या पुढे गेलात तर पुढच्या ट्रान्झिस्टरचं जंक्शन वाहू लागतं, मग माप खोटं पडतं. प्रायमरीला (माइककडच्या वाइंडिंगला) समांतर आलेल्या फँटमच्या रेझिस्टरांनी गुणोत्तर बिघडत नाही, कारण आपण थेट पिनांवर मोजतोय. सेकंडरीवरच्या लोडमुळे मात्र आकडा थोडा कमी येतो, १:१०ऐवजी नऊच्या आसपास आला तर घाबरू नका.

१०७३ पद्धतीच्या इनपुटला आणखी एक सोपी खूण आहे. ३०० आणि १२०० ओहमचा स्विच प्रायमरीची दोन वाइंडिंग समांतर किंवा एकापुढे एक जोडतो. इम्पिडन्स चौपट म्हणजे वेढे दुप्पट, तेव्हा ३००वर सेकंडरीचं व्होल्टेज १२००च्या तुलनेत दुप्पट, म्हणजे ६ डीबी जास्त यायला हवं. फरक पडला नाही तर एकच प्रायमरी असलेला परका ट्रान्सफॉर्मर बसलाय. १२००वर सिग्नल जवळपास येतच नसेल तर प्रायमरीचं एक वाइंडिंग तुटलेलं असू शकतं. सेकंडरीची वायर केसासारखी बारीक असते आणि ती बहुधा बाहेर निघते त्या टोकालाच तुटते.

गुणोत्तर जुळलं म्हणून गाभाही तोच, असं नाही. स्वस्त प्रतिकृती इथे उघडी पडते. यंत्र चालू करून ३० हर्ट्झचा टोन द्या, पातळी हळूहळू वाढवा आणि आउटपुटचा स्पेक्ट्रम पाहा. लहान किंवा हलक्या गाभ्यात तिसरा हार्मोनिक (मूळ टोनच्या तिप्पट फ्रीक्वेन्सी) लवकर डोकं वर काढतो आणि फ्रीक्वेन्सी वाढवली की ओसरतो. तीच पातळी १ किलोहर्ट्झला देऊन बघा. विकृती तशीच राहिली तर दोष ट्रान्सफॉर्मरचा नाही, सर्किटचा. दुसरा हार्मोनिक जास्त दिसला तर घाई करू नका. १०७३सारखी एकट्या ट्रान्झिस्टरची क्लास ए आउटपुट स्टेज तो स्वतःच देते. त्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून डीसी वाहतो, म्हणून त्याच्या गाभ्यात फट ठेवलेली असते. फट नसलेला त्याच मापाचा ट्रान्सफॉर्मर तिथे लावला की खालचे सूर गढूळ होतात. नंतर बदललेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये हा घोळ नेहमी तपासा.

इनपुटचा गाभा चुंबकित झाल्याची शंका असेल तर २० हर्ट्झचा टोन देऊन पातळी बरीच वर न्या आणि मग अगदी हळू शून्यावर आणा. मध्येच केबल काढायची नाही. फँटमचे ६.८ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकमेकांशी ०.४ टक्क्यांत जुळतात का, तेही पाहा. ते जुळले नाहीत तर फँटम लावल्यावर पुन्हा तेच दुखणं.

वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापे पट्ट्यात पॉवर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळतो, पण माइक इनपुटचा तुटलेला ट्रान्सफॉर्मर तिथे देऊ नका. निकेलच्या पट्ट्या वाकवल्या, ठोकल्या की त्यांची पर्मिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्र वाहून न्यायची क्षमता) घसरते, आणि वाइंडिंगच्या थरांचा क्रम बदलला की वरच्या फ्रीक्वेन्सीचं गणित बिघडतं. त्यापेक्षा योग्य नंबरचा नवा घ्या. बसवल्यावर पिन २ पॉझिटिव्ह राहतोय ना, ते दोन चॅनेलच्या स्कोपवर पाहून घ्या. आणि विकणाऱ्याने काढलेला जुना ट्रान्सफॉर्मर त्याच्या खणात पडून असेल तर सौद्यातच मागून घ्या.