६१ वे मूल

इंग्रजी माध्यमाची शाळा आली, पिवळी व्हॅन गल्लीगल्लीत फिरायला लागली आणि जिल्हा परिषदेची शाळा ओस पडली, असं महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात ऐकायला मिळतं. व्हॅनचा वाटा आहेच. पण पटाशी, म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांच्या संख्येशी, शिक्षकाचं पद कसं बांधलेलं आहे हे समजून घेतल्याशिवाय सरकारी शाळा का मागे पडते ते कळत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी हिशेब दिलाय: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. वर्ग किती आहेत हे त्यात कुठेच येत नाही. म्हणजे ६० मुलं, पाच इयत्ता आणि दोन शिक्षक. याच अनुसूचीत वर्षाला अध्यापनाचे ८०० तास सांगितलेत. एका शिक्षकाकडे सरासरी अडीच वर्ग आले, की प्रत्येक वर्गाच्या वाट्याला थेट शिकवण्याचे ३२० तास उरतात. बाकीच्या वेळात मुलं फळ्यावरचं उतरवतात किंवा पाढे म्हणत बसतात. त्यातला एक शिक्षक मुख्याध्यापक असतो. पोषण आहाराचा दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, त्याच्या रोजच्या नोंदी, केंद्रातल्या शाळांची बैठक हे सगळं त्याच्याकडेच. तो बाहेर पडला की दुसऱ्यासमोर पाचही वर्ग. शेजारच्या खासगी शाळेतल्या बाई कमी पगारावर राबत असतील, पण पहिलीच्या वर्गात पहिलीसाठीच उभ्या असतात. पालक नेमकं हेच पाहतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आता ६१ वे मूल गेलं, की पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे पट पाहून दरवर्षी शिक्षकांची पदं मंजूर करतात त्यात, तिसरं पद धोक्यात येतं. पद गेलं की वर्ग जोडले जातात. वर्ग जोडले की आणखी चार पालक दाखला काढायला येतात.

गळती सुरू होते ती मात्र पहिलीच्या खूप आधी. खासगी शाळा तिसऱ्या वर्षी मूल नर्सरीत घेते. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. मधली तीन वर्षं अंगणवाडीची. ती महिला व बालविकास विभागाकडे, आणि सेविकेचा दिवस आहार, वजन-उंची, लसीकरण आणि नोंदींतच सरतो. सिनिअर केजी झालेलं मूल पहिलीला झेडपीत फारसं येत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी पैसा इथे घालायला हवा: शाळेच्याच आवारात अंगणवाडी आणि फक्त शिकवण्यासाठी एक वेगळी बाई.

शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये उलटा रस्ता धरला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला गरीब, वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती दुरुस्ती रद्द केली, हे योग्यच झालं. गरिबाच्या मुलाला तिकडे अडवून इकडचा शिक्षक वाढत नाही. खासगी शाळांची तक्रारही खोटी नाही. या मुलांच्या फीपोटी सरकार शाळेला देतं त्या प्रतिपूर्तीचा दर वर्षाला मुलामागे १७,६७० रुपये ठरवायचा आणि ते पैसेही वर्षानुवर्षे थकवायचे, मग त्या शाळा ही मुलं आनंदाने कशा घेतील?

धोरण बदलेपर्यंत शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात एक काम नक्की आहे. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांनी ते अंगावर घ्यावं. संचमान्यतेत आधार वैध झालेलीच, म्हणजे शाळेची नोंद आधारशी जुळलेलीच मुलं धरली गेली, की वर्गात बसलेलं मूलही पटावरून गळतं. चूक बहुतेक वेळा साधी असते: शाळेच्या जनरल रजिस्टरला (प्रवेश नोंदवहीत) ‘वैष्णवी’, आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी; किंवा आधारवर जन्मतारीख १ जानेवारी टाकलेली. जुलैमध्येच मुख्याध्यापकांकडून अवैध आणि प्रलंबित नावांची यादी मागावी. नाव, लिंग, जन्मतारीख जन्मदाखल्याशी ताडावी. चूक आधारची असेल तर मूळ जन्मदाखला घेऊन पालकांना आधार केंद्रावर पाठवावं, शाळेच्या नोंदीची असेल तर मुख्याध्यापकांकडून दुरुस्ती करून घ्यावी. पट ३० सप्टेंबरचा धरतात, त्यामुळे ऑगस्टअखेर यादी पुन्हा काढून प्रत्येक नावापुढे ‘वैध’ दिसतंय का ते पाहावं. पट ५९ ते ६३ च्या आसपास असेल तर एकही नाव सोडू नये.