आमची वाटचाल: बीडिंगवाले

बडोद्याच्या दांडिया बाजारात विचारलंत तर कुणीही सांगेल, बीडिंगवाले ना, त्या गल्लीत शेवटचे. फर्मचं नाव कुणाला माहीत नसतं आणि त्याचं मला काही नाही, पण लोकांना वाटतं आम्ही मीटरवर रबर विकतो. विकतो ना, पोटासाठी. खरं काम वेगळं. जुन्या गाडीच्या काचेचं कडक झालेलं रबर वाचतंय का बघायचं, आणि नाहीच वाचलं तर नमुन्यावरून तसंच करून द्यायचं. १९९६ पासून हेच करतोय.

सुरुवात बाबांच्या वाड्याच्या ओसरीत. तेव्हा पद्मिनी रोजची गाडी होती, अँबेसिडर साहेबलोकांची, क्लासिक बिसिक कुणी म्हणत नव्हतं. रबर गेलं की दुकानातून नवीन आणायचं आणि घालायचं, संपलं. पण मग पद्मिनी बंद झाली, २०१४ ला अँबेसिडर पण गेली, स्पेअरवाल्यांकडचा माल आटला आणि लोक जुनंच रबर हातात घेऊन यायला लागले. रबर कसलं, लाकूड.

मला हा धंदा खरा शिकवला तो एका गिऱ्हाइकाने. कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकवून रिटायर झालेले काका, त्यांच्या वडिलांची फियाट ११००, पावसाळ्यात पायाशी इतकं पाणी साचायचं की काकू गाडीत बसायलाच तयार नव्हत्या. आधीच्या कुणीतरी काचेभोवती काळं सिलिकॉन भरून ठेवलं होतं, ते खरवडण्यात माझे दोन दिवस गेले. काका शेजारी स्टूल घेऊन बसायचे. म्हणाले, अरे रबर वाळतं असं म्हणू नकोस, ते शिजत राहतं. कारखान्यात गंधकाने पकवलेलं असतं ना, ते पकणं थांबत नाही, उन्हात दरवाजा तापतो तसं आत नवीन गाठी पडत जातात, मऊ ठेवणारं तेल उडून जातं, आणि वरून हवेतला ओझोन चिरा पाडतो, तेही जिथे रबर ताणलेलं असतं तिथेच. म्हणून काचेचं रबर आधी कोपऱ्यात फाटतं. त्या दिवसापासून मी वरून तेल चोपडणं बंद केलं.

आता हत्यारांचं सांगतो. रबराचा कडकपणा मोजणारा शोर मीटर माझ्या खिशात असतो, पेनासारखा. चांगलं काचेचं रबर ६० ते ७० दाखवतं, ८५ च्या वर गेलं की मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, आशा ठेवू नका. लॉकिंग पट्टी, म्हणजे रबर घट्ट बसवायला त्यात सरकवतात ती, घालायचा डोळा मी सायकलच्या स्पोकचा केलाय, बाजारात विकत मिळतो तो कडेने रबर कापतो. रबराची कड, म्हणजे ओठ, उचलायला जुन्या टूथब्रशची दांडी, घासून चपटी केलेली, वीस वर्षं एकच आहे, पोराने एकदा कचऱ्यात टाकली तेव्हा मी घरात दोन दिवस बोललो नव्हतो. आणि दोरी. काचेवर चढवलेल्या रबराच्या पत्र्याकडच्या खाचेत दोरी भरायची, टोकं गाडीच्या आत सोडायची, साबणाचं पाणी मारायचं, बाहेरून एकाने तळव्याने काच दाबायची आणि आतून दुसऱ्याने दोरी सावकाश ओढायची, ओठ आपोआप पत्र्यावर चढतो. स्क्रूड्रायव्हर घेऊन काच बसवणारा मेकॅनिक दिसला तर गाडी तिथून परत आणा, हे फुकट सांगतोय.

पद्मिनीच्या तिकोन्या काचेचं रबर हे आमचं खास. ते साच्यातलं असतं, वळणावळणाचं, पट्टी कापून होत नाही. ते आम्ही झायलीन आणि विंटरग्रीन तेलात भिजवतो, फुगतं, मग झायलीन उडू द्यायचं, मोजायचं, परत भिजवायचं, असे आठ दिवस. विंटरग्रीन म्हणजे तेच जे सांधेदुखीच्या मलमात असतं, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या आजी बरीच वर्षं समजत होत्या की मी मालिशवाला आहे. हे कायमचं नसतं, काही वर्षं निघतात. मी तसं बिलावर लिहून देतो.

आता २०१६. त्याबद्दल कुणी विचारत नाही पण मी सांगणारच. पुरवठादाराचं नाव घेत नाही. फियाटच्या काचेच्या रबराची डाय, म्हणजे आकार देणारा साचा, मी स्वतःच्या पैशाने करून घेतली आणि ६०० मीटरची ऑर्डर दिली, त्याच्याखाली ते मशीनच चालवत नव्हते. ठरलं होतं ईपीडीएम, एक कृत्रिम रबर, कारण त्याला ओझोन लागत नाही. माल आला, काळा, गुळगुळीत, मीटरवर ६५, मी खूश. एकोणतीस गाड्यांना घातला. एक उन्हाळा गेला आणि पहिला फोन आला, मग दुसरा, मग माणसं फोन न करता सरळ यायला लागली. सगळ्यांच्या कोपऱ्यात बारीक बारीक चिरा, नखाने उघडतील अशा. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी त्याच रोलचे तुकडे कमानीसारखे वाकवून फळीवर ठोकले आणि गच्चीवर ठेवले, शेजारी खात्रीच्या ईपीडीएमचा एक तुकडा. पाच आठवड्यांत आमच्या मालाच्या पाठीला चिरा, शेजारचा जसाच्या तसा. स्वस्त रबर मिसळलं होतं. फळी घेऊन मी त्यांच्या ऑफिसात गेलो तर साहेब म्हणे तुम्ही मोटरजवळ ठेवला असेल. मोटरच्या ठिणगीने ओझोन होतो आणि त्याने रबर जातं हे खरंच आहे, म्हणून तर आमचा कॉम्प्रेसर पहिल्यापासून मागच्या अंगणात असतो. मलाच माझा धडा शिकवत होते!

एकोणतीसच्या एकोणतीस गाड्या फुकट करून दिल्या. बायकोच्या बांगड्या गेल्या, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, घेतलेला शेड सोडला, परत ओसरीत आलो. काकांना त्यांचं रबर नव्याने करून देतो म्हटलं तर म्हणाले, आधी लांबच्या लोकांचं कर, माझी गाडी कुठे पळून जातेय. शेवटी त्यांचंच सगळ्यात उशिरा झालं, आणि पैसे त्यांनी टेबलावर ठेवूनच दिले.

आणि नेमक्या त्याच वर्षी माझ्याकडे नऊ वर्षं शिकलेला पोरगा दोन गल्ल्या सोडून दुकान टाकतो. टाकू दे, प्रत्येकाला पोट आहे. पण माझ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, एमनो माल तो फाटी जाय छे, म्हणजे यांचा माल फाटतो. स्वतः काय करतो, तर डिझेलच्या फडक्याने पुसून देतो, रबर चमकतं, मऊ पण लागतं, फोटो छान येतो. डिझेल रबरात शिरतं, ओठ फुगून काचेवरून सुटतो आणि पाणी आधीपेक्षा जास्त येतं. हे त्याला माझ्याकडेच शिकवलेलं, करायचं नाही म्हणून.

मधली वर्षं बरी गेली. २०१९ ला विश्वामित्रीचं पाणी आलं, माल माळ्यावर होता, वाचलो. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा झाला, त्यानंतर फोन वाढले, बाहेरगावचे लोक कुरिअरने रबर पाठवतात. पाठवताना कृपा करून घडी घालू नका, गोल गुंडाळा. गाडी झाकताना प्लास्टिकची ताडपत्री नको, सुती कापड घाला. सिलिकॉन ग्रीस चालेल, इंजिन ऑईल अजिबात नाही.

काका आता गाडी चालवत नाहीत, पण दर मे अखेरीस मुलगा गाडी आणतो, काका मागच्या सीटवर बसतात आणि मी बाहेरून बागेचा पाईप मारतो. आतून काच वाजवली म्हणजे गळतंय. गेली तीन वर्षं वाजवलेली नाही.

परवा एक पोरगा आला, तिकोन्या काचेची दोन रबरं घेऊन, कागदात गुंडाळलेली, डिझेलचा वास. कुणी पाठवलं विचारलं तर इकडे तिकडे बघायला लागला. मीटर लावला, ८८. ठेवून जा म्हटलं, करून देतो, पंधरा दिवस लागतील.