लँगकावीचे चढ आणि दमट हवा : लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा माझा अनुभव

मलेशियाच्या वायव्य टोकाला असलेल्या लँगकावी बेटावर २००० सालापासून पूर्ण अंतराची आयर्नमॅन ट्रायथलॉन होते. मधली काही वर्षे ती बंद होती आणि २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाली. अंतरे जगभर असतात तीच आहेत : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. तरीही अनुभवी स्पर्धक हिचे नाव जरा दबकूनच घेतात. कारणे विचारली की चढ आणि उकाडा अशी दोन सांगितली जातात. स्वतः त्या रस्त्यावर उतरल्यानंतर माझे मत असे झाले की ही दोन कारणे वेगळी मोजताच येत नाहीत. लँगकावीतला चढ कठीण होतो तो उकाड्यामुळे, आणि उकाडा खऱ्या अर्थाने अंगावर येतो तो चढावर. माझी तयारी आणि शर्यतीच्या दिवशीचे जवळजवळ सगळे निर्णय याच गोष्टीभोवती फिरत राहिले.

हे थोडे उलगडून सांगते. सायकल चालवताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यापैकी जेमतेम पाव हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे शरीराचे मुख्य साधन घाम. पण घाम अंगावर वाळला तरच गारवा मिळतो, नुसता निथळून गेला तर पाणी आणि मीठ तेवढे वाया जाते. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाताना समोरून लागणारा वारा दमट हवेतही थोडाफार घाम वाळवतो. चढावर मात्र वेग ताशी नऊ-दहा किलोमीटरवर येतो, वारा जवळजवळ नाहीसा होतो, दोन्ही बाजूंच्या दाट झाडीमुळे हवा कोंडलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी पाय सर्वाधिक उष्णता तयार करत असतात. म्हणजे शरीर तापण्याचा वेग वाढतो आणि निवण्याची सोय संपते. असे चढ दिवसभर पुन्हा पुन्हा येत राहिले की त्याचा हिशोब मॅरेथॉनमध्ये चुकता करावा लागतो.

म्हणून तयारीत मी ताकद वाढवण्यापेक्षा आवर घालण्यावर अधिक भर दिला. चढावरचा सराव करताना हृदयगतीची एक वरची मर्यादा ठरवून घेतली आणि शेजारून कोणी कितीही वेगाने पुढे गेले तरी ती ओलांडायची नाही, असा नियम पाळला. वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात पाय ताजे असताना मुद्दाम हळू चढणे हा मनाचा कस पाहणारा सराव आहे. सायकलला मागे बत्तीस दात्यांची मोठी चकती असलेली कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) बसवून घेतली, म्हणजे चढावर हलका गिअर मिळतो. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत मोठे गिअर रेटण्यात पुरुषार्थ मानणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. चढावर पाय हलके फिरले पाहिजेत, कारण त्याच पायांनी पुढे धावायचे असते.

उष्णतेची सवय हा तयारीचा दुसरा भाग. रोज काही वेळ उष्ण हवेत व्यायाम केला तर साधारण दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलते : रक्तातील द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. शर्यतीपूर्वीच्या आठवड्यांत मी भल्या पहाटेचा सराव सोडून दुपारचा धरला, तो याच कारणासाठी. त्याबरोबर घामाचे मोजमापही करून ठेवले. तासभर सायकल चालवण्यापूर्वी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करायचे, मधे प्यायलेले पाणी त्यात धरायचे, की तासाला किती घाम जातो ते समजते. माझा आकडा दमट दुपारी एक लिटरच्या बराच वर गेला. तेवढे पाणी पोटात मावत नाही, आणि नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होऊन जिवावर बेतू शकते. त्यामुळे दर तासाला किती पाणी, किती मीठ आणि किती कर्बोदके, हे ठरवून त्याच मात्रेत मी पोटालाही सराव दिला. तासाला साठ ग्रॅमहून थोडी अधिक कर्बोदके मला पचत होती.

बेटावर मी शर्यतीच्या पुष्कळ आधी पोहोचले आणि ते फार बरे झाले. सायकल जोडणे, विमानात बहुधा नेऊ देत नाहीत म्हणून हवेची छोटी सिलिंडरे तिथेच विकत घेणे, नावनोंदणीच्या रांगेत बिब (स्पर्धक क्रमांकाचा कागद), वेळ नोंदवणारी टायमिंग चिप आणि पिशव्या ताब्यात घेणे, नियमांच्या सभेला बसणे, या सगळ्यात वेळ जातो आणि पायही दुखतात. आदल्या दिवशी सायकल आणि दोन पिशव्या जमा कराव्या लागतात. त्यांपैकी एकीत सायकलचे आणि दुसरीत धावण्याचे सामान असते. उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलच्या चाकांतली हवा मी बरीच कमी करून ठेवली आणि पहाटे पुन्हा भरली, कारण तापलेल्या हवेने ट्यूब फुटण्याचा धोका असतो. धावण्याच्या पिशवीत कोरड्या मोज्यांची जोडी आणि व्हॅसलिनची डबी ठेवली. या दोन वस्तूंचे मोल पुढे कळले.

पोहण्याचा टप्पा पांताई कोकच्या किनाऱ्यावर होता. नोव्हेंबरात तिथे सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे आम्ही पाण्याकडे निघालो तेव्हा नुकतेच उजाडले होते. पाणी इतके कोमट होते की वेटसूटचा, म्हणजे अंग गरम ठेवणाऱ्या आणि तरंगायला मदत करणाऱ्या रबरी पोशाखाचा, प्रश्नच नव्हता. वेटसूट नसल्याने शरीर कमी तरंगते आणि पाय खाली जातात, ही अडचण सर्वांना माहीत असते. पण कोमट पाण्यात जोर लावून पोहले तर अंग पाण्यातच तापू लागते, याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मी लय धरून पोहले. दिशा पाहण्यासाठी डोके वर काढले की माचिनचांगचा डोंगर समोर दिसे. कॅम्ब्रियन काळातल्या वालुकाश्माचा हा डोंगर बेटाच्या वायव्येला उभा आहे आणि युनेस्कोने २००७ मध्ये लँगकावीला भूउद्यानाचा दर्जा दिला, त्यात त्याचा मोठा वाटा आहे. आपल्याला दमवणारा हा सगळा चढउतार एवढ्या जुन्या खडकाचा आहे, हा विचार पोहतानाही मला सुखावून गेला. जेलीफिशचे एक-दोन चटके हाताला बसले, थोडा वेळ आग झाली आणि थांबली. पोहण्याची कालमर्यादा दोन तास वीस मिनिटांची होती. मी तिच्या बरीच आत बाहेर आले आणि मुख्य म्हणजे खारट पाणी फारसे पोटात गेले नव्हते, नाहीतर सायकलवर पहिले दोन तास ढवळत राहते.

सायकलचा मार्ग दोन फेऱ्यांचा होता. मलेशियात वाहने डावीकडून चालतात, रस्ते उत्तम आहेत, त्यामुळे सगळे लक्ष चढांकडे देता येते. भाताच्या खाचरांमधून जाणारा सपाट भागही आहे. पण दाताईच्या बाजूचा रस्ता जंगलातून सतत वरखाली होत राहतो आणि खरी परीक्षा तिथेच आहे. एकही चढ घाटासारखा लांबलचक नाही. चढ आखूड पण अंगावर येणारे आहेत, आणि एक संपून श्वास जागेवर येतो न येतो तोच वळणापलीकडे दुसरा उभा असतो.

अशा एका चढावरचे दृश्य सविस्तर सांगण्यासारखे आहे. पायथ्याशीच मी सर्वांत हलका गिअर टाकला, हात एरोबारवरून (पुढे वाकून कोपरे टेकवायच्या दांड्यांवरून) वर घेतले आणि बसूनच चढू लागले. शंभरेक मीटर गेल्यावर वारा थांबला. हेल्मेटच्या पट्टीतून घाम भुवईवर, भुवईवरून चष्म्याच्या काचेवर आणि तिथून थेंबाथेंबाने सायकलच्या दांड्यावर पडू लागला. घड्याळातली हृदयगती मर्यादेला टेकली तसा मी पायांचा जोर आणखी कमी केला. शेजारून काही स्पर्धक पॅडलवर उभे राहून पुढे गेले. कठड्यावर बसलेली लांब शेपटीची माकडे आम्हा सर्वांकडे शांतपणे पाहत होती. चढताना मी पाणी पिण्याचा प्रयत्नच केला नाही, कारण धाप लागलेली असताना घोट नीट उतरत नाही आणि पोट बिघडते. माथ्यावर पोहोचले, वारा लागला, श्वास खाली आला, आणि मग उतारावर वळणे नसलेल्या तुकड्यात मोजून पाणी आणि जेल (कर्बोदकांचा घट्ट गोड रस) घेतले. हाच क्रम दिवसभर पाळला. प्रत्येक मदत केंद्रावर दोन बाटल्या घेत असे. इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे क्षार मिसळलेल्या पेयाची, बाटली पिण्यासाठी असे, तर साध्या गार पाण्याची बाटली डोक्यावर, मानेवर आणि हातांवर ओतण्यासाठी. शिंपडलेले पाणी वाऱ्यात वाळते तेव्हा घामाचे काम उसन्या पाण्याने होते, अंगातले मीठ खर्च होत नाही.

एका नियमाचा उल्लेख इथे करायला हवा. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने जाता येत नाही. बारा मीटरचे अंतर राखावे लागते आणि त्या पट्ट्यात शिरलात तर ठरावीक सेकंदांत पुढे निघून जावे लागते. चढावर सगळ्यांचा वेग मंदावून गर्दी दाटते, तेव्हा हे अंतर सांभाळणे अवघड जाते. मला वाटते की हा नियम या स्पर्धेचा आत्मा आहे. ज्याचा वारा त्यानेच कापावा, यात एक सचोटी आहे.

दुसऱ्या फेरीत पावसाची जोरदार सर आली. अंगाला गारवा मिळाला, पण उतार निसरडे झाले आणि ब्रेक लागायला वेळ लागू लागला. वळणाच्या आधीच वेग कमी करत, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या टाळत मी ते उतार पार केले. सर थांबताच ऊन पडले आणि रस्त्यातून वाफा निघू लागल्या. त्यानंतरचा तास संपूर्ण दिवसातला सर्वांत जड होता. पहिल्या फेरीत जोरात निघून गेलेले कित्येक जण आता चढावर सायकल हाताने ढकलत होते. त्यांच्यात माझ्याहून कितीतरी ताकदीचे लोक होते. त्यांना पाहून वाईट वाटले आणि माझ्या मर्यादेवरचा विश्वास पक्का झाला.

धावायला सुरुवात केली तेव्हा दुपार टळत आली होती, पण ऊन मी म्हणत होते. मलेशियाची प्रमाणवेळ बेटाच्या सूर्याच्या वेळेपेक्षा पुढे असल्याने तिथे मध्यान्ह एकच्या सुमारास होते, आणि घड्याळात चार वाजले तरी सूर्य तीनचाच असतो. पांताई चेनांगच्या परिसरातला धावण्याचा मार्ग बहुतांशी सपाट आहे. तिथे वेळ गाठायची ती पायांपेक्षा पोटाच्या बळावर. अंग तापलेले असले की रक्त त्वचेकडे वळते, पोटाकडे कमी जाते आणि खाल्लेले पचेनासे होते. म्हणून मी प्रत्येक मदत केंद्रावर चालत गेले, टोपीत बर्फ भरला, मूठभर बर्फ तळहातात धरला आणि दोन-दोन घोटच प्यायले. जेल नकोसे झाल्यावर कोला आणि खारट बिस्किटांवर आले. बूट पावसाने आणि ओतलेल्या पाण्याने भिजले होते. पिशवीतले कोरडे मोजे आणि व्हॅसलिन यांच्यामुळे फोड वाचले.

सातच्या सुमारास सूर्य मावळला आणि थोड्याच वेळात अंधार पडला. हवेतला दमटपणा गेला नाही, पण ऊन नसल्याचा फरक लगेच पायांना समजला. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये माझा वेग वाढला नाही, तसा कमीही झाला नाही, आणि त्या अंतरात मी ज्यांना मागे टाकले त्यांची संख्या सबंध सायकलवर मला मागे टाकून गेलेल्यांपेक्षा कमी नसावी. रस्त्याकडेला घरांतली मुले हातावर टाळी द्यायला उभी होती. स्वयंसेवक सकाळपासून उभे असूनही प्रत्येकाला नावाने हाक मारत होते, आणि त्यांच्याबद्दल कितीही लिहिले तरी अपुरेच पडेल. सतरा तासांची अंतिम मर्यादा बरीच दूर असताना मी शेवटची रेषा ओलांडली.

त्यानंतर लगेच बसू नये, थोडे चालत राहावे, आणि पहिल्या अर्ध्या तासात खारट, पातळ काहीतरी पोटात घालावे. मी सूप घेतले आणि तासाभराने भात खाऊ शकले. पोट जागेवर होते. रात्रीच सायकल आणि पिशव्या ताब्यात घ्याव्या लागतात, त्यासाठी थोडी शक्ती राखून ठेवावी. सायकल खोलण्यापूर्वी ती गोड्या पाण्याने पुसून काढावी, हँडलखालच्या बेअरिंगकडे विशेष लक्ष द्यावे. दिवसभर त्यावर घामच पडत असतो आणि मीठ आत शिरून ते गंजते. माझे बेअरिंग परतल्यावर बदलावे लागले.