फुलपात्रभर

आईच्या रुखवतातलं स्टीलचं फुलपात्र मी पुन्हा वापरात काढलं, ते हौसेनं नव्हे. मोजून पाहिलं, दीडशे मिली पाणी मावतं. दिवसाला अशी पाच. चहा, ताक, आमटीचं पाणी धरून सगळं लिटरच्या आत बसवायचं. किडन्या गेल्या, लघवी जवळजवळ थांबली, की प्यालेलं पाणी अंगातच मुरतं. आधी घोट्यांवर, मग डोळ्यांखाली, आणि फारच लाड केले तर छातीत.

पूर्वी उभ्याउभ्या तांब्या तोंडाला लावायचो. आता घोट तोंडात घोळवतो. माठाचं पाणी दुपारी जरा मातकट लागतं आणि सकाळी गोड, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

आमची डायलिसिसची बॅच मंगळ-गुरू-शनीची. ज्योतिषाला सांगितलं तर तो ताबडतोब शांत करायला लावेल. आत शिरलं की आधी वजनकाटा, आणि लगेच शेजारच्या खुर्चीतल्या काकूंचा प्रश्न, "किती आणलंत?" दोन किलो म्हणजे दोन लिटर पाणी; तेवढा आकडा मशीनवर लावायचा, की ते तेवढं अंगातून ओढून काढतं. साडेतीन म्हटलं की, "का हो, कुणाचं लग्न होतं?" घरचे तब्येत विचारतात तेव्हा मी "बरी आहे" म्हणून मोकळा होतो. इथे ती सोय नाही. खरं सांगतो, त्यामुळेच इथे मोकळं वाटतं.

मला घोट मोजायला लावणारं हे यंत्र मात्र स्वतः मिनिटाला अर्धा लिटर पाणी पितं. चार तासांत १२० लिटर! हे मी सहज बोलून गेलो आणि काकू गप्पच झाल्या. त्या माणदेशातल्या, लहानपण डोक्यावर हंडा घेऊन गेलेलं. बोटांवर हिशेब करून म्हणाल्या, "सात हंडे की हो. एका माणसाला?" त्या दिवसापासून मशीनकडे बघताना त्यांचा चेहरा जरा ओशाळा असतो.

पहिल्या तासात खाल्लेलं-प्यालेलं अंगाला लागत नाही, अशी आमच्या बॅचची ठाम समजूत आहे. डॉक्टरांना ती मुळीच मान्य नाही. मे महिन्यातल्या एका शनिवारी काकूंनी पिशवीतून छोटी बाटली काढली. पन्हं. वेलदोड्याचा वास दोन खुर्च्या ओलांडून गेला. माझ्या एका हातात सुया, म्हणून दुसऱ्या हातात त्यांनी वाटी टेकवली, अर्धीच भरलेली.

तंत्रज्ञ पोरगा बघत होता. काही बोलला नाही. माझ्या मशीनपाशी आला आणि २.८ चं २.९ करून गेला.