फोटोचं बारसं

मागच्या वर्षी एका फोटो प्रदर्शनासाठी ऑनलाइन फॉर्म भरत होतो. नाव, मोबाइल नंबर, कॅमेरा कोणता, सगळं दोन मिनिटात झालं आणि मग आला 'छायाचित्राचे शीर्षक' नावाचा चौकोन. तिथं मी जो अडकलो तो बायकोनं दोनदा चहा आणून ठेवला तरी अडकलेलाच. रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकेना. एक टिंब टाकून पाहिलं, तर लाल अक्षरात उत्तर आलं, शीर्षक किमान तीन अक्षरी असावे. मग टाकलं 'प्रतीक्षा'. मोजून तीन अक्षरं.

फोटो काय होता ते सांगतो. नवतपा सुरू होता, म्हणजे मे महिन्याचे शेवटचे दिवस, पारा 45च्या वर, आणि तरी नागपूरच्या बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मेन रोडवर दुपारी दीडला गर्दी होतीच, फक्त सगळी तोंडं दुपट्ट्यात गुंडाळलेली. एका साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक आजोबा बसले होते (दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे कळेल). डोक्याला ओला दुपट्टा, मांडीवर कापडी थैली, थैलीतून सांबाराची जुडी बाहेर आलेली, उन्हानं पार मान टाकलेली, आणि आजोबांची नजर दुकानाच्या काचेच्या दाराकडे. काचेमागे जांभळी साडी नेसवलेला पुतळा, त्याचा एक हात असा पुढे आलेला की मी उभा होतो तिथून तो आजोबांच्या खांद्यावरच ठेवल्यासारखा दिसत होता. (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी, नाहीतर थैलीतून इडलीचा सांबार गळतोय असं वाटायचं.)

तीन फोटो काढले आणि निघालो. विचारलं नाही, थांबलो नाही. कॅन्डिड म्हणजे तेच. विचारलं की माणूस कॉलर नीट करतो, पोट आत घेतो आणि फोटो पासपोर्टचा होतो.

प्रदर्शनात चाळीसेक फोटो होते आणि त्यात 'प्रतीक्षा' तीन. एक माझा, एक बस स्टॉपवरच्या मुलीचा आणि एक चक्क गाईचा, भाजीवाल्याच्या गाडीकडे पाहणाऱ्या. बाकीची नावंही ओळखीचीच, म्हातारी बाई दिसली की 'माय', म्हातारा दिसला की 'आयुष्याची संध्याकाळ', हमाल दिसला की 'जगण्याची लढाई', फुगेवाला दिसला की 'स्वप्नांचा सौदागर'. आपल्याकडे फुगेवाल्याला साधं फुगेवाला म्हणून फ्रेममध्ये राहायची परवानगीच नाहीये असं वाटायला लागलं मला. मी हसत होतो खरा, पण माझी चिठ्ठीही त्याच भिंतीवर त्याच फाँटमध्ये चिकटलेली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक ताई माझ्या फोटोपुढे उभ्या राहून हसत होत्या, अगदी तोंडाला पदर लावून. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "दादा, हा तुम्ही काढला का जी? हे आमचे बाबा आहे."

माझ्या पोटात गोळा. आता भांडण होणार, फोटो उतरवा म्हणणार, चूक माझीच. पण त्या म्हणाल्या, "पण हे प्रतीक्षा काहून लिहिलं?"

मी काहीतरी बोललो, म्हणजे आजी आत साडी बघत असतील, हे बाहेर त्यांची वाट बघत बसलेत, तो पुतळ्याचा हात वगैरे.

"आई जाऊन सहा वर्षं झाली न."

यावर काय बोलणार. पण त्याच परत हसल्या. म्हणाल्या, "बाबा उन्हाळ्यात रोज तिथं बसते. ते दार उघडलं का एसीची हवा येते न बाहेर. घरचा कूलर आवडत नाही त्याह्यले, घुं घुं करतो म्हणते. सांबार आणतो म्हणून निघते घरून. महालात राहतो आम्ही, बुधवार बाजार घरामागं, अन् हे सांबार आणाले बर्डीवर!" (महाल म्हणजे राजवाडा नव्हे, नागपूरची जुनी वस्ती.)

तर शीर्षक चुकलेलं नव्हतं, आणि हेच मला जास्त लागलं. माणूस खरंच वाट बघत होता. कोणीतरी गिऱ्हाईक आत जाईल, दार उघडेल, आणि ती एक फुकटची गार झुळूक पायावरून जाईल याची. माझ्या तीन अक्षरांनी मात्र त्यांची बायको जिवंत केली, तिला साडी घ्यायला आत पाठवलं आणि ह्यांना दारात बसवून ठेवलं. फोटोत यातलं काही नव्हतं. फोटोत पायरी होती, थैली होती, सांबार होता आणि दार होतं. एसीचा शोध लावायला लागणारा सगळा पुरावा खरं तर तिथं होता, थोडा वेळ पाहिलं असतं तर कोणालाही वाटलं असतं की या माणसाचे पाय चपलेतून काढून असे दाराकडे का वळवलेत. पण चिठ्ठी वाचल्यावर पायांकडे कोण बघतो.

मी तेव्हापासून या विषयाचा किडा लागल्यासारखा वागतोय. मोठमोठ्या लोकांनी काय केलं ते पाहत बसलो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ, रस्त्यावरच्या फोटोग्राफीतलं सगळ्यात मोठं नाव, त्याचा 1932चा एक फोटो आहे, पॅरिसमधला, साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय आणि टाच पाण्याला लागायच्या आतला क्षण पकडलाय, तोही फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून. आपल्या प्रदर्शनात असता तर 'झेप' नाहीतर 'भरारी'. त्यानं नाव काय ठेवलं, तर सँ-लाझार स्टेशनच्या मागे. बस्स. पत्ता दिला आणि बाजूला झाला.

याच माणसाच्या पुस्तकाची गंमत तर आणखी वेगळी. 1952ला त्याचं पुस्तक आलं, त्याच्या फ्रेंच नावात 'आ ला सोव्हेत' असे शब्द आहेत. हे शब्द फ्रेंचमध्ये बिनपरवान्याच्या फेरीवाल्यांसाठी वापरतात, घाईघाईत, चोरून, पळायच्या तयारीत विकणाऱ्यांसाठी. बर्डीवर अतिक्रमणाची गाडी आली की मोजेवाला, चार्जरवाला कसा खाली पसरलेल्या चादरीची चारही टोकं एका झटक्यात उचलतो आणि गल्लीत गायब होतो, अगदी ते. म्हणजे फोटोग्राफर स्वतःला त्या मोजेवाल्याच्या रांगेत बसवत होता. अमेरिकेत छापताना मात्र नाव ठेवलं 'द डिसायसिव्ह मोमेंट', निर्णायक क्षण. ते शब्दही त्याचे नव्हते, पुस्तकाच्या सुरुवातीला एका जुन्या फ्रेंच कार्डिनलचं, म्हणजे बड्या ख्रिस्ती धर्मगुरूचं, वाक्य होतं त्यातून उचललेले. आणि जगभर चाललं कुठलं, तर हेच. आज कुठल्याही फोटो वॉकला जा, पोरं निर्णायक क्षण शोधत असतात, चादर उचलून पळण्याबद्दल कोणी बोलत नाही. मला विचाराल तर मला ते पहिलं नाव जास्त खरं वाटतं, कारण मी फोटो काढताना माझी छाती नेमकी तशीच धडधडते.

आणि दुसरी गोष्ट डोरोथिया लँग या अमेरिकन फोटोग्राफर बाईंची. 1936, कॅलिफोर्निया, मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका बाईचा फोटो, गालाला हात, खांद्यांवर दोन्हीकडून तोंड लपवलेली लेकरं. सगळ्यांनी पाहिलेला आहे. तो 'मायग्रंट मदर' म्हणून जगात फिरला, स्थलांतरित आई. बाईचं वय 32 हे लिहून घेतलं होतं, पण नाव विचारलं नव्हतं, हे लँगबाईंनीच नंतर लिहिलंय. नाव लोकांना कळलं 1978ला, म्हणजे 42 वर्षांनी, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. आणि त्या बाई त्या फोटोवर खूश नव्हत्या, हे त्यांनी म्हातारपणी सांगितलं. त्या मूळच्या चेरोकी, म्हणजे तिथल्या आदिवासी, हे तर त्या दोन शब्दांच्या शीर्षकात कुठंच मावलं नाही. आई म्हटलं की सगळ्यांच्या आया होतात, मग एका बाईचं नाव कशाला लागतंय कोणाला.

माझी पोरगी म्हणते, "बाबा, तुम्ही जास्तच विचार करता, कॅप्शनशिवाय पोस्ट पळत नाही." तिचंही खरं आहे आणि इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे, ती म्हणजे शब्द नकोतच असं माझं म्हणणं नाही. पेपरवाले फोटोखाली जे लिहितात त्याला फोटोओळ म्हणतात, ती वेगळी आणि शीर्षक वेगळं. फोटोओळ सांगते कुठं, कधी, काय चाललंय. शीर्षक सांगतं की आता तुम्हाला काय वाटायला पाहिजे.

आमच्या नागपूरच्या मारबतीचंच घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते, काळी 1881पासून आणि पिवळी 1885पासून म्हणतात, एवढाल्या उंच बाया कागदा-बांबूच्या, खाली नुसती डोकीच डोकी, गुलाल, आरडाओरडा, आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात. याचा फोटो नुसता बाहेरच्या माणसापुढे ठेवला तर तो म्हणेल काय भयंकर लोक आहेत, बाईचा पुतळा जाळून नाचतायत. खाली एक ओळ पाहिजेच, की लोक ओरडतायत इडा पिडा घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत. आणि बडग्यांना, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या पुरुषी पुतळ्यांना, तर शीर्षकाचा प्रश्नच नाही, त्यांच्या गळ्यात लोक स्वतःच पाटी अडकवतात, महागाईची, भ्रष्टाचाराची, त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याची. रस्ता स्वतः नाव ठेवून मोकळा. तिथं मी वरून 'आक्रोश' लिहायचं म्हणजे भाजीवर भाजी.

हा सगळा विचार मी एकदा सकाळी तर्री पोहे खाताना आमच्या पोहेवाल्याला ऐकवला, कारण त्यानं विचारलं होतं की भाऊ चेहरा असा काहून केला. तो शांतपणे चण्याची तर्री ओतत म्हणाला, "फोटोले नाव कायले पाह्यजे? माह्या ठेल्यालेच नाव नाही, लोक येतेच न." आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. मी त्यावर आठवडाभर विचार केला. तुकोबांच्या अभंगांना तरी शीर्षकं कुठं आहेत, पहिली ओळ म्हटली की अभंग समोर. गझलेचंही तसंच. लोकांना धरायला एक टोक लागतं, ते त्यांचं ते शोधतात. फोटोलाही लोक घरात तो छत्रीवाला, तो कुत्र्याचा, असंच म्हणतात आणि मला हे आवडतं, कारण तो छत्रीवाला म्हणणाऱ्यानं निदान छत्री तरी पाहिलेली असते.

तरी सवय जात नाही. अजूनही शटर दाबलं की डोक्यात आपोआप शब्द उगवतो, परवा कॉटन मार्केटपाशी हातगाडीखाली झोपलेला माणूस दिसला आणि फोकस व्हायच्या आत 'विसावा' तयार! शरम वाटली. नंतर त्या फोटोखाली लिहिलं, कॉटन मार्केट, सकाळी अकरा. तो रात्रभर गाडी ओढून थकला होता का, का मालकापासून लपला होता, का नुसता आळशी होता, मला काय माहीत.

त्या ताईंना मी एक प्रिंट देतो म्हटलं होतं. आठ बाय बाराची काढली, मागं नीट बॉलपेननं लिहिलं, सीताबर्डी मेन रोड, अमुक दुकानाची पायरी, नागपूर, 28 मे, दुपारी दीड. शीर्षक नाही, रस नाही, नुसता पत्ता. स्वतःवर खूश होतो मी. महालात त्यांच्या घरी गेलो तेव्हा आजोबा पलंगावर बसले होते, कूलर बंद. चष्मा लावून त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. आधी विचारलं, "हे जांभळ्या साडीवाली कोण होय?" पुतळा आहे सांगितल्यावर जरा हिरमुसले. मग म्हणाले सांबार चांगला आलाय फोटोत, त्या दिवशी दहाचा दिला होता. मग उलटा करून मागचं वाचलं, एकेक शब्द, ओठ हलवत, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जसं मी त्यांच्या बँकेचा पिन भिंतीवर लिहून ठेवलाय.

"हे कायले लिहिलं बावा? दुकानाचं नाव काट. लोकाईले समजलं तर उद्या चार म्हातारे तिथं येऊन बसतीन. पायरी केवढीशी आहे पाह्यली न तू?"

मी म्हटलं, आजोबा, हा तुमच्याच घरात राहणार आहे.

"घरात पाहुणे येते," ते म्हणाले. "तारीख राहू दे."

मी खिशातून पेन काढून दुकानाच्या नावावर काट मारली. त्यांनी फोटो खिडकीजवळ नेऊन उजेडात धरला, आणि पुन्हा माझ्या हातात दिला. अजून वाचता येत होतं म्हणे.